आधी स्मशानाची वाट मोकळी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात आमच्या गावच्या शिवारातल्या टाउनशिपवर अर्धं पान मजकूर आला आहे. क्लब हाउस, पोहण्याचा तलाव, जॉगिंग ट्रॅक, सगळं रंगीत फोटोंसकट. त्यात एक वाक्य आहे, 'ओसाड माळावर वस्ती फुलली.' ते वाचल्यापासून कशात लक्ष लागलं नाही, म्हणून आज सकाळीच लिहायला बसलो.

माळ ओसाड नव्हता. वरच्या अंगाला गुरं चरायची, खाली खाचरं होती, त्यात इंद्रायणी पिकायची. उन्हाळ्यात राब भाजायला घेतले की धूर पार मारुतीच्या देवळापर्यंत यायचा. जमिनी लोकांनी राजीखुशीने विकल्या. आमच्या घरानेही दोन एकर विकली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. हिंजवडीला आयटी पार्क झालं तेव्हाच हे इकडे सरकणार हे दिसत होतं. पोरांना कामं मिळाली, घरं पक्की झाली, हे मी नाकारत नाही. पण विकली ती जमीन. वाट कोणी विकलेली नाही.

मारुतीच्या देवळापासून नदीकाठच्या स्मशानभूमीपर्यंत जुना गाडीरस्ता होता. गावनकाशावर तो तुटक दुहेरी रेषांनी दाखवलेला आहे. अशा गाडीमार्गाची रुंदी 16.5 ते 21 फूट धरतात. त्या रस्त्यावर आता कुंपणाची भिंत आहे आणि भिंतीच्या आत तुमच्या फोटोतला जॉगिंग ट्रॅक. फोटोत उजव्या कडेला आंब्याचं झाड दिसतं, त्याच्या बुडाशी आमच्या गावाचा विसावा होता. काळा, सपाट दगड. तिथं तिरडी टेकवायची, खांदेकरी बदलायचे आणि मग पुढे निघायचं. माझ्या आजीला तिथंच टेकवलं, दोन्ही चुलत्यांनाही.

गेल्या वर्षी आषाढात माझे वडील गेले. 86 वर्षांचे होते, जन्मभर त्याच वाटेने त्यांनी बैलगाडी हाकली. पहाटे गेले, नऊच्या सुमारास आम्ही निघालो. पाऊस धरलेलाच होता. पुढे मी, हातात शिंकाळं, त्यात विस्तवाचं मडकं. मागे तिरडी आणि साठ-सत्तर माणसं. भिंत झाली असली तरी 'अंत्ययात्रा गेटातून सोडू' असा शब्द गावाला मिळाला होता. गेटपाशी आलो तर वॉचमन म्हणाला, साहेबांना विचारावं लागेल. त्याने फोन लावला, कोणी उचलला नाही. दुसरा नंबर लावला. पोरगा लातूरकडचा, वीस-बावीस वर्षांचा. टोपी काढून हातात धरली होती आणि सारखं म्हणत होता, "काका, माझी नोकरी जाईल हो." त्याच्यावर माझा राग नव्हता, आजही नाही.

पाऊण तास आम्ही तिथं उभे होतो. विस्तव विझू नये म्हणून पुतण्याने मडक्यावर छत्री धरली होती आणि तो स्वतः नखशिखांत भिजत होता. तिरडी खाली ठेवायची तर कुठे? डांबरी रस्त्यावर, गाड्यांच्या चाकांशी वडिलांना ठेवायला मन होईना. गेटातून गाड्या ये-जा करत होत्या, त्यांच्यासाठी दांडा वर होत होता. शेवटी मागे वळलो. निघालेलं प्रेत माघारी फिरवत नाहीत आमच्यात, तरी फिरवलं.

खाचरांच्या बांधावरून नेलं. लावणी नुकतीच उरकली होती, बांध निसरडे, एका माणसापुरते रुंद. खांदेकरी दोन्ही बाजूंनी चिखलात, गुडघ्याच्या वर. एका वळणावर तिरडी कलंडली. धाकट्या भावाने खाचरात गुडघे टेकून ती छातीवर तोलून धरली. ज्याची लावणी आम्ही तुडवली तो माणूस अवाक्षर बोलला नाही, उलट पुढे होऊन कुठला बांध पक्का ते दाखवत होता. विसावा झालाच नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 मधल्या कलम 5 प्रमाणे अडवलेली वहिवाट खुली करून मिळते, पण दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. भिंतीला तेव्हा आठ महिने झाले होते. गाव तोंडी शब्दावर विसंबून राहिलं, ही आमची चूक. पण महसूल संहितेच्या कलम 20 नुसार सार्वजनिक रस्ते सरकारच्या मालकीचे असतात. मग सरकारचा रस्ता सरकारच्याच नकाशावर दिसत असताना तो मोकळा करून घेण्यासाठी गावाने दावे का लावत बसायचं? अर्ज दिला, मोजणी मागितली. तारखा चालू आहेत.

ग्रामसभेत विषय काढला तर उत्तर मिळालं की नियमाप्रमाणे प्रकल्पात मोकळी जागा सोडलेली आहे. असेलही. एक एकर आणि त्याहून मोठ्या लेआउटमध्ये 10 टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. पण ती आतल्या रहिवाशांची. गावातल्या पोराला तिथं चेंडू घेऊन जाता येत नाही. गावासाठी वेगळं काय, हा प्रश्न विचारला की सगळे एकमेकांकडे बघतात. टाउनशिपच्या बाहेर तर गुंठ्यागुंठ्याचे तुकडे पाडून विकलेत. 1089 चौरस फुटांत घर मावतं, त्यात कोण रस्ता सोडणार आणि कोण मैदान? तुमच्या बातमीत सुविधांची एवढी यादी आहे. त्यातली एक तरी मूळ गावठाणातल्या माणसाला वापरता येते का, एवढं बातमीदाराने विचारायला हवं होतं.

आणखी एक. संपूर्ण मजकुरात गावाचं नाव नाही. प्रकल्पाचं नाव अकरा वेळा आहे, मी मोजलं. फाट्यावरची गावाची पाटी त्यांच्या कमानीमागे गेल्यापासून पाहुणेसुद्धा आम्हाला प्रकल्पाचं नाव सांगून पत्ता विचारतात. निदान वर्तमानपत्राने तरी गावाला गावाच्या नावाने लिहावं. या पत्रात मी ते लिहिलेलं नाही, कारण तारीख चालू आहे आणि वकिलांनी मना केलं आहे. तुम्हाला सोबतच्या चिठ्ठीत कळवलं आहे.

माझी विनंती एवढीच की तुमच्या बातमीदाराला पुन्हा पाठवा. गेटाकडून येऊ नका म्हणावं, मारुतीच्या देवळापाशी उतरा. गावनकाशाची प्रत माझ्याकडे आहे. देवळापासून भिंतीपर्यंत रस्ता अजून शाबूत आहे, बैलगाडीच्या चाकोऱ्याही दिसतात. तिथून पुढे बांधाने नदीपर्यंत चालून बघा. आमच्या आळीत नव्वदीच्या पुढची तीन माणसं आहेत आणि पावसाळा दीड महिन्यावर आला आहे.

आपला,
एक वाचक, पुणे जिल्हा