बंड्या मोकळा सुटला ते ठीक, पण कड्याखाली बसू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सॅन फ्रान्सिस्कोवर लेख होता, त्यात तो लाल पूल आणि केबल कार सोडून काहीच नाही म्हणून हे लिहितोय. मी सध्या मुलाकडे सॅन फ्रान्सिस्कोला लागून असलेल्या डेली सिटीला आलोय आणि इथून जवळच फोर्ट फन्स्टन आहे, म्हणजे समुद्राकाठच्या कड्यावरचं जुनं लष्करी ठाणं, आता फिरायची जागा, तिथे आम्ही दर शनिवारी त्याच्या कुत्र्याला, बंड्याला, घेऊन जातो. पार्किंग फुकट, या गावात हे मुद्दाम सांगायला हवं! गाडी लावतो त्या जागी एके काळी विमानं पाडायची 'नाइकी' नावाची क्षेपणास्त्रं होती म्हणे, आणि १६ इंची तोफांसाठी केलेलं काँक्रीटचं बांधकाम अजून आहे, आता तिथे कुत्री हुंदडतात आणि मागून माणसं पिशव्या घेऊन.

कुत्र्याला पट्टा न लावता सोडता येतं, फक्त हाक मारली की ते आलं पाहिजे. सूनबाईने बंड्याला सगळं इंग्रजीत शिकवलंय, पण परवा खेकड्याचं कवच तोंडात धरून पळाला तेव्हा तिच्या दहा हाका फुकट गेल्या आणि मी नुसतं "बंड्या, पोळी!" म्हटलं तर पठ्ठ्या सरळ माझ्या पायाशी.

आता मुद्द्याचं. बीचवर उतरायची वाट वाळूची, उतरताना मजा येते पण चढताना दोन पावलं वर तर एक खाली, गुडघ्यांची पार वाट लागते. कडा सुमारे २०० फूट, पण आपल्या कोकणासारखा काळा कातळ नाही हो, नुसती दाबून बसलेली वाळू, नखाने खरवडली तरी हातात येते, पाकोळ्या त्यात बिळं करून राहतात यावरूनच समजा. वारा फार म्हणून मी त्याच कड्याला पाठ टेकून थर्मास उघडला, तर दोन कुत्रीवाली एक बाई धावत आली आणि मला उठवलंच, वर बघा म्हणाली. वरून बारीक खडे घरंगळत होते, आणि मी बाजूला जो वाळूचा साधा ढिगारा समजत होतो त्यात उपटून आलेली झुडपं होती, पानं अजून हिरवीगार, म्हणजे कडा नुकताच ढासळलेला. चहा उभ्यानेच प्यायलो.

पुन्हा लिहाल तेव्हा हे टाका, आणि भरतीची वेळ बघून जा हेपण, कारण भरतीला पाणी आणि कडा यांच्यात जागाच फारशी उरत नाही, मग माणूस कड्याला चिकटतो.

एक वाचक, पुणे
(सध्या मुक्काम डेली सिटी)