दुसऱ्या मजल्यावरचा थांबा

डंडी (स्कॉटलंड), 23 नोव्हेंबर

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी मजेत आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे आई पुढचं शांतपणे वाचेल. जेवते वेळेवर, स्वेटरच्या आत दोन थर घालते, खोलीत हीटर आहे. पावणेचारला अंधार पडतो हे खरं, पण अंधाराने कुणी आजारी पडत नाही. बाबा, आजोबांची गिरणी गेली तशा इथल्या तागाच्या गिरण्याही गेल्या. ताग आपल्या बंगालमधून यायचा म्हणे. आता त्यांचे फ्लॅट झालेत. मी रोज अशाच एका गिरणीच्या भिंतीकडेने चालत जाते, तेव्हा अगदीच परक्या गावात आहे असं समजू नका.

पत्र अशासाठी, की फोनवर आई मला बोलूच देत नाही. "तू बरी आहेस ना? मग झालं," म्हणते आणि फोन तुमच्याकडे देते. आणि बाबा, गेल्या रविवारी तुम्ही विचारलंत ते डोक्यातून जात नाहीये: "एवढं कर्ज काढून गेलीस ती खोट्या पेशंटांना तपासायला? खरे पेशंट परळला काय कमी होते?"

कमी नव्हतेच. तुम्हाला कधी सांगितलं नाही, पण वॉर्डात चांगली मर्मर, म्हणजे हृदयाचा जादा आवाज, असलेला पेशंट आला की दहाच्या आत बातमी कॅन्टीनपर्यंत जायची. मग आम्ही पंधरा-वीस जण एकामागून एक त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावायचो. एका आजोबांची वाढलेली लिव्हर दाबून पाहण्यात माझा नंबर चौदावा होता. तेराव्याच्या वेळीच त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मी तरी दाबली, कारण परीक्षा तोंडावर होती. आणि परीक्षेला बसवलेले पेशंट तर इतके तयार झालेले असायचे, की एका मावशींनी मला हळूच सांगितलं, "डॉक्टर, मायट्रल स्टेनोसिस लिहा, सकाळपासून सगळे तेच लिहितायत." म्हणजे हृदयाची झडप अरुंद होण्याचा आजार. लिहिलं, पास झाले. तो आवाज मला स्वतःला ऐकू आला होता का, हे आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

खोटे पेशंट ही कालपरवाची टूम नाही. 1963 साली लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज नावाच्या न्यूरॉलॉजिस्टने एका बाईला पाय लुळे पडलेल्या पेशंटचं सोंग शिकवलं आणि मुलांना तिला तपासायला लावलं. आम्ही ज्या ऑस्कीला घाबरायचो, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर पळायचं ती परीक्षा, ती तर या डंडीतलीच. रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये ती मांडली. आपल्याकडेही 2019 च्या नव्या अभ्यासक्रमापासून स्किल लॅब, म्हणजे खऱ्या पेशंटआधी सराव करायची जागा, लागतेच, तेव्हा इथलं शिकलेलं वाया जाणार नाही.

माझे पेशंट कॉम्प्युटरात आहेत, त्यांच्या केस मी लिहिते. मुलं प्रश्न टाइप करतात, पेशंट उत्तर देतो. तपासण्या मागवल्या की रिपोर्ट येतात, पण घड्याळही पुढे सरकतं. निर्णय चुकला तर पेशंट बिघडतो. शेवटी यादी येते: हे विचारलंस, हे राहिलं. पोटावर हात कसा ठेवायचा ते यातून येत नाही, मान्य. त्याला खरं पोटच लागतं. पण विचारायचं काय, आणि पहिल्या उत्तरावर थांबायचं कसं नाही, ते इथे पुन्हा पुन्हा चुकून शिकता येतं. कुणाला डोळे मिटून पडून राहावं लागत नाही.

हाडामांसाचे खोटे पेशंटही आमच्याकडे येतात. त्यातल्या एक बाई सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका, पोटदुखी अशी करतात की आपण उठून पाणी आणावं. त्यांनी मला शुक्रवारी साडेपाचला 'टी'ला बोलावलं. चहाला जायचं म्हणून मी आपली वरण-भात खाऊन, चिवड्याचं पाकीट घेऊन गेले. बघते तर टेबलावर मासा, उकडलेले बटाटे, वाटाणे, वर सफरचंदाचा गोड पदार्थ! आई, नीट ऐक, कारण मलाही समजायला महिना लागला. इथे दुपारच्या जेवणाला बरेच जण 'डिनर' म्हणतात. संध्याकाळच्या जेवणाला 'टी', आणि त्यात चहा असेलच असं नाही. नुसता चहा हवा असेल तर 'कप ऑफ टी' म्हणायचं. रात्री झोपताना टोस्ट खातात ते 'सपर'. पण वड्यासारख्या तळलेल्या गरम माशाच्या दुकानात 'फिश सपर' म्हटलं तर त्याचा रात्रीशी काही संबंध नाही, त्याचा अर्थ माशाबरोबर चिप्सही द्या, म्हणजे वेफर्स नव्हे, बटाट्याच्या तळलेल्या जाड फोडी. भर दुपारीसुद्धा! मी सगळं संपवलं. पान टाकलं असतं तर तू मुंबईहून ओरडली असतीस.

जेवताना त्या म्हणाल्या, "तुझी ती नवी केस वाचली. ही तुझी आई ना?"

आई, रागावू नकोस. नाव इथलं दिलंय, घरही इथलंच, जुन्या दगडी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. इथेही अशा इमारतींना लिफ्ट नसते. बाई 58 वर्षांची, शुगर 12 वर्षांपासून, तक्रार एवढीच की जळजळतं आणि दमायला होतं. छातीत दुखतं का विचारलं की "नाही". जिना चढताना थांबता का विचारलं की म्हणते, "थांबते, दुसऱ्या मजल्यावर शेजारणीशी बोलायला." निम्म्याहून जास्त मुलं इथेच फसली. जळजळीचं औषध देऊन तिला घरी पाठवलं. एकाच मुलीने पुढे विचारलं: "शेजारीण घरी नसली तरी थांबता?" यावर मी उत्तर लिहून ठेवलं होतं: "थांबते."

शुगर असलेल्या माणसाला हृदयाचं दुखणं छातीत कळ येऊनच कळेल असं नसतं. बायकांमध्ये तर अनेकदा नुसता थकवा, दम, जळजळ. हे मी वर्गात पाठ म्हणून दाखवायचे, आणि मे महिन्यात तू दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या दाराशी कठडा धरून दुधाचा भाव विचारत उभी होतीस, तेव्हा मी वरून "आई, चल ना लवकर" ओरडत होते.

केसमध्ये औषध देऊन घरी पाठवलं तर दुसऱ्या पहाटे ॲम्ब्युलन्स यायची. तसाच शेवट ठरला होता. मी बदलून घेतला. आता ती दोन दिवसांनी पुन्हा दवाखान्यात येते आणि मुलांना दुसरी संधी मिळते. सर म्हणाले, आधीचा जास्त खरा होता. मी म्हटलं, असू दे.

तर या आठवड्यात डॉक्टरांकडे जा. 'ॲसिडिटी' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, जिन्याचं सांगायचं. ईसीजी नॉर्मल आला तरी तेवढ्यावर उठून येऊ नकोस, पुढची तपासणी लागेल का ते विचार. पाहुणे येणार आहेत हे कारण चालणार नाही. तेसुद्धा केसमध्ये आहे.

बाकी, धाकट्याच्या हॉलच्या ॲडव्हान्ससाठी 40,000 रुपये पाठवलेत, सोमवारपर्यंत जमा होतील. बाबा, एफडी मोडू नका. कर्जाचे हप्ते सुरू व्हायला अजून वेळ आहे आणि ते मीच भरणार आहे. साखरपुड्याला मला जमणार नाही, परीक्षा त्याच आठवड्यात आहे. लग्नाला चार दिवस येते, तिकीट बघतेय. वहिनीची साडी माझ्याकडून, रंग तिलाच निवडू दे. मावशीने पाठवलेला कल्याणच्या मुलाचा बायोडेटा वाचला. नाही म्हणत नाही, पण पत्रिका दाखवण्याआधी मला त्याच्याशी एकदा बोलू द्या.

आणि जूनमध्ये कायमची येते म्हणाले होते, त्यात थोडा बदल होईल असं दिसतंय. इथेच एका वर्षाचं काम देतायत, पगार बरा आहे. अजून काही ठरलेलं नाही. म्हणजे, मंगळवारी सही केली. फोनवर सांगणार होते, पण तेवढ्यात आईने फोन तुमच्याकडे दिला आणि तुम्ही क्रिकेटचं विचारलंत.

काकूंना नमस्कार. चिवडा संपलाय.

तुमची,
थोरली

ता. क. बाबा, केसमध्ये पायऱ्या मी आठवणीने 48 लिहिल्यात. एकदा मोजून कळवा. मोजताना आईला बरोबर घ्या, आणि काकू गावाला गेलेल्या असतील असा दिवस बघा.