शिरोलीच्या फौंड्रीतून बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही चहाचं विचारून विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहितोय. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मी डिस्पॅच, म्हणजे माल पाठवण्याचं काम, सांभाळतो. परदेशी ग्राहकाचा फोन आज निर्धास्तपणे घेतो, तो तुम्ही शिकवलेल्या इंग्रजीमुळे.

आमच्या कामात अवघड इंग्रजी नडत नाही. कास्टिंग, टॉलरन्स, इन्स्पेक्शन हे तर कारखान्यात सगळ्यांच्याच तोंडी असतं. नडतात ती पुट, कॉल, गो असली पोराटोरांना येणारी क्रियापदं. मागे ऑफ, अप, आउट लागलं की त्यांचा अर्थ कुठल्या कुठे जातो. ग्राहकाने व्हिजिट 'पुट ऑफ' केली तर तो नंतर येणार, 'कॉल ऑफ' केली तर येणारच नाही. एवढ्याशा फरकावर आमची अख्ख्या आठवड्याची तयारी अवलंबून असते.

अशा क्रियापदांच्या लांबलचक याद्या पुस्तकांत मिळतात. तुम्ही यादीला हात न लावता मराठीतच विचारलंत, "'खाऊन टाक' म्हणतो तेव्हा काय टाकतो रे आपण? 'सोडून दे'मध्ये कुणाला काय देतो? 'बोलून बसला', तो कुठं बसला?" मग समजावलंत की मराठीत मागून येणारं टाकणं, देणं, बसणं जे काम करतं, तसलंच काम इंग्रजी पुष्कळदा त्या छोट्या शब्दाकडून करून घेतं. ईट अप म्हणजे खाऊन टाक. यूज अप म्हणजे वापरून संपव. गिव्ह अप म्हणजे सोडून दे. आपल्याच बोलण्यात ही सोय जन्मापासून आहे हे कळलं आणि माझी भीती गेली. बाई, मला वाटतं इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाने सुरुवात इथूनच करावी.

सगळंच असं सरळ बसत नाही, हेही तुम्ही लपवलं नाहीत. 'गो ऑफ'चंच घ्या. अलार्म गो ऑफ झाला म्हणजे वाजला, लाइट गो ऑफ झाली म्हणजे गेली आणि दूध गो ऑफ झालं म्हणजे नासलं! इथे नियम शोधू नकोस, आख्खं वाक्य ध्यानात ठेव, असं तुम्ही सांगितलंत. जिथे नियम आहे तिथे मात्र पक्का करून घेतलात. 'टर्न ऑफ द मशीन' आणि 'टर्न द मशीन ऑफ' दोन्ही चालतं, पण 'इट' आलं की ते मध्येच बसायला हवं, 'टर्न इट ऑफ'. 'लुक आफ्टर' मात्र कधीच फोडायचं नाही. 'लुक फॉरवर्ड टु'च्या पुढे हिअर नव्हे, हिअरिंग. हे शेवटचं माझ्या जवळजवळ प्रत्येक मेलमध्ये असतं.

करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन इंग्रजी पेपरचे फक्त मथळे वाचायला लावलेत, त्याचाही फार उपयोग झाला. 1850 साली सुरू झालेलं ते वाचनालय आपल्या कोल्हापुरात असून मी तिकडे कधी फिरकलो नव्हतो. रूल आउट (शक्यता फेटाळणं), स्टेप डाउन (पद सोडणं), क्रॅक डाउन (कडक कारवाई करणं) ही क्रियापदं मला तिथेच भेटली. वहीत नुसता अर्थ लिहिला की तुम्ही वही परत द्यायचात, "तुझ्या खात्यातलं वाक्य कर." म्हणून माझ्या वहीत 'वुई हॅव रन आउट ऑफ पॅकिंग बॉक्सेस' आहे आणि 'द फर्नेस ब्रोक डाउन' आहे. ही वाक्यं मला खरोखर बोलावी लागतात.

फी विचारली तर रागावलात. दुसऱ्या शिफ्टच्या आठवड्यात सकाळी लवकर वेळ दिलात, घरचं सगळं सांभाळून. हे माझ्यावर ऋण आहे.

एक विचारायचं राहिलं. मोल्डिंग खात्यातली दोन पोरं तुमच्याकडे यायचं म्हणतायत. होतकरू आहेत, वेळेवर येतील. रविवारी सकाळी घेऊन येऊ का?

तुमचा विद्यार्थी