घटनादुरुस्ती कशाला?

महोदय,

‘निर्वाचक निवडण्याची पद्धत बदलायची तर अमेरिकेतल्या राज्याला घटनादुरुस्तीवाचून गत्यंतर नाही’ हे अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या निवडणुकीवरच्या कालच्या लेखातले वाक्य छापण्याआधी कोणी वाचले होते का? (निर्वाचक म्हणजे राज्याच्या वतीने राष्ट्राध्यक्षपदासाठी मत देणारे प्रतिनिधी.) आपल्याकडे राष्ट्रपतींच्या निवडणुकीच्या अनुच्छेद 54-55 ला हात लावायचा तर संसदेत विशेष बहुमत आणि वर निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. लेखकमहाशयांनी तोच हिशेब तिकडे लावलेला दिसतो. अमेरिकी घटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदाने हे काम थेट राज्याच्या विधिमंडळाकडे दिले आहे. साधा कायदा पुरतो. मतदारसंघवार निवडीसाठी मेन राज्याने तो 1969 मध्ये केला, नेब्रास्काने 1991 मध्ये.

निदान मिशिगनचे प्रकरण तरी चाळायचे! 1891 साली तिथल्या डेमोक्रॅट बहुमताने राज्यभरात जिंकणाऱ्याला सगळे निर्वाचक देणारी एकगठ्ठा निवड मोडली. 14 पैकी 12 निर्वाचक मतदारसंघांतून एकेक, उरलेले दोन राज्याच्या पूर्व आणि पश्चिम भागांतून. सगळे 14 रिपब्लिकनांच्या झोळीत पडू नयेत, एवढाच खटाटोप. 1892 च्या मॅक्फर्सन विरुद्ध ब्लॅकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही विभागणी वैध ठरवली. अडले ते तारखेवर. निर्वाचकांनी जमून मते देण्यासाठी राज्याने डिसेंबरचा पहिला बुधवार ठेवला होता, केंद्रीय कायद्यात जानेवारीचा दुसरा सोमवार होता. राज्याची तारीख रद्द झाली, बाकी कायदा टिकला. कारण पद्धत राज्याने ठरवायची असली तरी दिवस अमेरिकी काँग्रेस ठरवते. त्या वर्षीच्या निवडणुकीत मिशिगनचा निकाल लागला रिपब्लिकन हॅरिसन 9, डेमोक्रॅट क्लीव्हलँड 5. आणि 1896 पर्यंत मिशिगन पुन्हा जुन्या पद्धतीवर आले होते. ही ये-जा घटनेला धक्का न लावता झाली.

वाद घालायचाच तर बदल कधीपर्यंत करता येतो यावर घालावा, त्यावर लेखात अवाक्षर नाही. मतदान झाल्यावर निकाल पसंत नाही म्हणून विधिमंडळाला नियम फिरवता येत नाही. 2022 च्या केंद्रीय कायद्याने मतदानाच्या दिवसाआधी केलेलाच राज्य कायदा लागू राहील हे पक्के केले, ‘निवडणूक फसल्यास’ ही जुनी पळवाटही काढून टाकली. त्याआधी मात्र मोकळे रान. 2024 मध्ये मतदान दीड महिन्यावर असताना नेब्रास्कात पुन्हा एकगठ्ठा पद्धतीवर जाण्याची धावपळ झाली. ती घटनेने अडवली नाही. 49 जणांच्या सभागृहात चर्चा आवरती घ्यायला लागणारी 33 मते जमली नाहीत, म्हणून बारगळली. त्यामुळे तिथल्या ओमाहा शहराच्या मतदारसंघाचे एक मत डेमोक्रॅट कमला हॅरिस यांना गेले.

जाता जाता, ‘इलेक्टोरल कॉलेज’चे ‘निवडणूक महाविद्यालय’ कोणी केले? आपल्याच राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आपण निर्वाचकगण म्हणतो. महाविद्यालयच म्हणायचे असेल तर तिथले प्रवेश कधी सुरू होतात, तेही कळवावे.

– एक वाचक, सांगली