वारुळातला वाघ

किंबर्ली, दक्षिण आफ्रिका

प्रिय बाळ्या,

हिऱ्यांच्या गावी आलोय म्हणून हिऱ्यांची खबर मागू नकोस. काल रात्री गावाबाहेर बेनफाँटीनच्या माळावर जाऊन मांजर बघून आलो. हसलास ना? हस.

'ब्लॅक-फुटेड कॅट' म्हणतात, पायाचे तळवे काळे म्हणून. नर जेमतेम दोन किलोचा, मादी त्याहून हलकी. दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, नामिबिया, मुख्यत्वे एवढाच तिचा टापू. आखूड गवताचा कोरडा माळ, झाड औषधाला नाही. दिवसभर स्प्रिंगहेअरने (कांगारूसारखा उड्या मारतो, पण जात उंदराची) सोडलेल्या बिळात नाहीतर पोकळ वारुळात पडून असते. म्हणून आफ्रिकान्स भाषेत तिला 'वारुळातला वाघ' म्हणतात.

बॅटरीच्या झोतात आधी दोन डोळे चमकले, मग बाईसाहेब दिसल्या. उंदराच्या बिळाशी दबा धरून. डोळे मिटलेले. मला वाटलं पेंगतेय, पण कान बघ! एक इकडे वळतोय, एक तिकडे. पाऊण तास ती हलली नाही आणि आम्ही जीपमध्ये कुडकुडत बसलो. झेप कधी घेतली ते कळलंच नाही. दिसलं ते तोंडात लोंबणारं शेपूट. फोटो मागू नकोस, नुसतं गवत आलंय.

अलेक्झांडर स्लिवा नावाच्या संशोधकानं याच माळावर वर्षानुवर्षं या मांजरांचा माग काढला. एका रात्रीत ही दहा ते चौदा वेळा शिकार साधते! दहा झडपांतल्या सहा साधतात. सिंहाला विचार जमतं का. पाणी मिळालं तर पिते, नाहीतर भक्ष्यातल्या ओलाव्यावर भागवते.

पण संख्या थोडी. २००२ पासून 'असुरक्षित' प्रजातींच्या यादीत आहे. मेंढपाळ कोल्ह्यांसाठी विष नि सापळे लावतात, त्यात ही फुकट जाते.

परतताना तुझ्या जुन्नरच्या उसातली पिल्लं आठवली. बिबट्याची समजून तू गावभर फोन केलेस आणि निघाली वाघाटीची, आपल्याकडच्या इवल्या रानमांजरीची! जगातली सर्वांत लहान रानमांजर कोण, यावर या दोघींचीच चुरस आहे, माहितेय?

यंदा तोडणी कधी लागतेय? टोळीला आधीच सांगून ठेव, पिल्लं दिसली तर हात लावू नका, तेवढी सरी रात्रभर सोडा. मागच्या वेळी आई आली होतीच की. काकूंना नमस्कार.

तुझा,
अव्या