केगलचे व्यायाम थांबव

फोंडा, गोवा

प्रिय सुमन,

सप्रेम नमस्कार.

शेजारणीच्या सांगण्यावरून तू रोज केगलचे, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचे, व्यायाम करतेस आणि तरीही ओटीपोटातली कळ वाढतेच आहे, हे वाचून मी लगेच लिहायला बसले. तज्ज्ञाकडून तपासून घेईपर्यंत ते व्यायाम बंद ठेव.

मीही तीच चूक केली होती. अमेरिकेतील डॉक्टर केगल यांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले, ते बाळंतपणानंतर स्नायू सैल पडून ज्यांना लघवी रोखता येत नसे अशा स्त्रियांसाठी. माझे दुखणे नेमके उलटे निघाले. ओटीपोटाच्या पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले हे स्नायू माझ्या बाबतीत सदैव आवळलेलेच होते. दुखते म्हणून शरीर आवळून धरते आणि आवळल्यामुळे आणखी दुखते. तीन चतुर्थ्या मला पाटावर बसून नेवऱ्या करता आल्या नाहीत. सोनोग्राफीत काही दिसेना, तेव्हा एका डॉक्टरांनी ‘मनाचे आहे’ असे सांगितले. ते शब्द मला अजून बोचतात, कारण स्नायूंचा असा ताण नेहमीच्या सोनोग्राफीत दिसतच नाही.

शेवटी मी ज्यांच्याकडे गेले त्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्या भेटीत बराच वेळ फक्त विचारपूस केली: शौचाला कुंथावे लागते का, संबंधाच्या वेळी दुखते का, बसून वाढते की चालून. हातमोजा घालून एका बोटाने करायची आतली तपासणी त्यांनी दुसऱ्या भेटीत, माझी संमती घेऊनच केली. मी नको म्हटले असते तरी बाहेरून उपचार करता आले असते. उजवीकडे एका जागी हलकेच दाबताच तीच ओळखीची कळ मांडीत उतरली आणि मला रडू आले, कारण इतक्या वर्षांनी ती जागा कुणाला तरी सापडली होती.

पुढचे तीन आठवडे मुख्यतः श्वासच शिकले. पोटभर श्वास घेताना श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांमधला पडदा, खाली येते, तसा ओटीपोटाचा तळही खाली उतरतो, आणि तो उतरू देणे हाच व्यायाम. मग बालासन, मांड्यांचे ताण आणि कमोडवर बसताना पायांखाली पाट, म्हणजे कुंथावे लागत नाही.

फिजिओथेरपिस्टकडे जाण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून संसर्ग, गाठ, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढणे) यांची शहानिशा करून घे. फिजिओथेरपीने एंडोमेट्रिओसिस जात नाही. मात्र त्या आजारामुळे आखडलेले स्नायू तिने मोकळे होऊ शकतात. अवेळी रक्तस्राव किंवा ताप असेल तर एक दिवसही थांबू नकोस.

माझे दुखणे पुरते गेलेले नाही. पाळीच्या आधी ते अजूनही डोके वर काढते, पण आता मी घाबरून शरीर आवळत नाही, आणि यंदा चवथीला तासभर पाटावर बसले.

पहिल्या भेटीला मी सोबत येईन. तपासणीच्या खोलीत मात्र तू म्हणशील तरच.

तुझी,
वसुधा