मरीन प्लाय बोटीत लावायचा नसतो असं सांगणाऱ्या कंपनीला तक्रार पत्र

प्रति,
कस्टमर केअर हेड आणि मॅनेजिंग डायरेक्टर

विषय: तुमच्या मरीन ग्रेड प्लायचे थर सुटले, आणि माल न बघताच तक्रार बंद केली

आत्ताच तुमच्या माणसाचा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलोय. तक्रार नंबर, बिल, फोटो, व्हिडिओ सगळं तुमच्याकडं आधीच दिलंय, परत मागू नका.

माझं युनिट बेळगावात उद्यमबागेत आहे. गोव्यातल्या यॉटची आतली कामं आम्ही करतो. केबिनमधले झोपायचे बंक, सलूनची म्हणजे बोटीतल्या बसायच्या खोलीची बैठक, गॅली म्हणजे स्वयंपाकाची जागा, लॉकर, टॉयलेटचे पॅनेल सगळं इथं बनवायचं, सुटं करून पिकअपमध्ये घालायचं, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरायचा आणि तिथं बोटीत नेऊन बसवायचं. घरातल्या कपाटासारखं हे काम नसतंय. बोटीत सरळ भिंत नाही की काटकोन नाही, हल म्हणजे बोटीचा सांगाडा आतून बाक घेतलेला असतो त्यामुळं प्रत्येक तुकड्याचं टेम्प्लेट काढायला लागतं. आत उतरायची वाट इतकी चिंचोळी की आठ बाय चारची आख्खी शीट आत जातच नाही, म्हणून तुकडे आधीच हिशोबानं करायचे आणि आत नेऊन जोडायचे. इंजिन चालू झालं की सगळी बोट थरथरते, लाटेवर हलते, पिळते, प्रत्येक स्क्रूवर ताण येतो. स्क्रू धरून ठेवायला आतला कोअर, म्हणजे प्लायचे मधले थर, भरीव पाहिजेत. वजन वाढू नये म्हणून जिथं भार नाही तिथं आम्ही फोमचे हलके पॅनेल वापरतो, पण बंकचा बेस, लॉकरचा सांगाडा, बल्कहेडला म्हणजे बोटीतल्या आडव्या भिंतीला लागून येणारी फ्रेम ह्याला प्लायच लागतो आणि तो मरीनच लागतो. म्हणून तुमचा घेतला, जास्त पैसे मोजून घेतला.

हे सगळं तुम्हाला सांगायची गरज नाही खरं, माल तुमचा आहे, आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का तुम्हीच मारलाय. त्या शिक्क्याचा अर्थ तुम्हाला माहीत असणारच. फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा ग्लू, औषध मारलेले विनियर म्हणजे लाकडाचे पातळ थर, आणि 72 तास उकळत्या पाण्यात ठेवलं तरी थर सुटता कामा नयेत. मग मला सांगा, तुमच्या 18 एमएमच्या शीटचे कापलेले तुकडे आम्ही युनिटमध्ये पातेल्यात उकळायला टाकले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कडेचे थर नखानं सुटत होते ते कसं काय? व्हिडिओ पाठवलाय. फिनॉलचा ग्लू तांबूस काळपट दिसतो, आमच्या हातातनं आयुष्यभर प्लाय गेलाय, तुमच्या शीटच्या कडेला पांढरट रेषा आहेत. कोअरमध्ये हाताचं बोट जाईल एवढ्या गॅप आहेत आणि काही गॅपमध्ये पुट्टी भरून वरनं फेस विनियर चिकटवलाय. पुट्टी! बोटीच्या मालात!

आणि हे आम्हाला कळलं कधी, तर माल बसवून झाल्यावर. पहिल्या लॉटचा माल चांगला होता, दुसऱ्या लॉटचा असा निघाला. पावसाळ्यात बोट पाण्याबाहेर काढलेली असते तेव्हाच आतलं काम होतं, ऑक्टोबरला सीझन चालू व्हायच्या आत बोट मालकाला द्यायला लागते. सगळ्या कडा आम्ही इपॉक्सीनं सील केल्या होत्या, स्क्रू सगळे एसएस 316 स्टेनलेस स्टीलचे, त्याचेही फोटो दिलेत, तरी पुढच्या केबिनमधल्या बंकखालचा बेस फुगला आणि लॉकरच्या शटरला बुडबुडे आले. समुद्राचं पाणी लागलेलं नाही, बोट अजून यार्डातच उभी होती, नुसत्या हवेतल्या दमटपणानं ही अवस्था. आता ते बदलायचं म्हणजे बंक उचला, त्याच्या आधी वरचे पॅनेल काढा, मागची वायरिंग सोडवा, पाण्याचे पाइप सोडवा, सागाची फ्लोअरिंग उचला. एका खराब शीटपायी चार चांगली कामं मोडायला लागतात. साग आणि सागाचं विनियर परत तसं जुळत नाही, लाकडाच्या रेषा एकदा तुटल्या की तुटल्या.

आता तुमच्या कस्टमर केअरबद्दल. मी बेळगावचा म्हणून मला हुबळीच्या डेपोकडं पाठवलं. हुबळीवाला म्हणाला साइट गोव्यात आहे, गोव्याचा माणूस बघेल. गोव्याचा माणूस म्हणाला बिल कर्नाटकातलं आहे, माझ्या एरियात येत नाही. टेक्निशियन येणार येणार म्हणून आमची माणसं यार्डात थांबून राहिली, कोण आलं नाही. आणि मग मला मेसेज आला की तक्रार सोडवली, ग्राहक समाधानी. कोण समाधानी? कुणाला विचारलं?

मग आजचा फोन. हा मी शब्द न् शब्द लिहितो, तुमच्याकडं रेकॉर्डिंग असेलच, काढून ऐका.

तुमचा माणूस म्हणाला, "सर, माल कुठं लावलाय?"
मी म्हटलं यॉटमध्ये, बोटीत.
"बोटीत? पण सर बिलावर बेळगाव आहे. बेळगावात समुद्र कुठं आहे?"
मी शांतपणे सांगितलं की माल बेळगावात बनतो आणि गोव्यात बसतो. दोन अडीच तासाचा रस्ता आहे. तो हसला. मागं अजून कुणाला तरी सांगितलं, "बेळगाववाले बोट बनवायलेत," तेही मला ऐकू आलं. मी गप्प बसलो, काम होऊ दे म्हणून.
मग म्हणाला, "सर, हा प्लाय किचन आणि बाथरूमसाठी आहे. बोटीत लावला असेल तर चुकीचा वापर धरला जातो, वॉरंटी नाही."
मी म्हटलं, अहो शीटवर मरीन लिहिलंय, जहाजाचं चित्र छापलंय.
"ते फक्त ब्रँडिंगसाठी असतं सर."
ब्रँडिंगसाठी! आणि शेवटी म्हणाला, "तुमच्या सुतारांना असल्या कामाची सवय नसेल, बसवण्यात चूक झाली असेल, त्यांना आधी शिकवून घ्या."

इथं मात्र माझा तोल गेला आणि आवाज चढला, त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. माझ्याकडचे सुतार अनगोळ, वडगाव, खानापूरचे आहेत. बापजाद्यांपासून हातात रंधा आहे. हलच्या बाकाला बीडिंगची पट्टी अशी बसवतात की सांध्यात कागद जाणार नाही. परदेशी बोटीचे मालक त्यांनी केलेल्या कामावर हात फिरवून बघतात. त्यांना शिकवून घ्या म्हणणारा माणूस मरीन प्लाय बोटीत लावायचा नसतो असं सांगतो, आणि तुम्ही त्याला आमच्या तक्रारी बंद करायचा अधिकार देता. प्लायवर जहाज छापता आणि जहाजात लावला की चुकीचा वापर म्हणता. मग ते चित्र काढून टाका की, बादली आणि नळ छापा, आम्ही तुमच्या दारात येणारच नाही.

माझे वडील घरगुती फर्निचर करायचे तेव्हापासून आमच्याकडं तुमचाच प्लाय येतो. गिऱ्हाईक दुसरा स्वस्त माल सांगायचं तरी वडील ऐकायचे नाहीत, तुमचं नाव सांगून पटवायचे. त्या नावाला तुम्ही हे केलंत ह्याचा त्रास मला पैशापेक्षा जास्त आहे, आणि पैशाचा त्रासही कमी नाही, कारण बोट मालकानं शेवटचं बिल थांबवलंय आणि त्याची काही चूक नाही.

आता मला काय पाहिजे ते. सगळ्या खराब शीटच्या जागी नवीन माल, पण आधी त्या लॉटचा टेस्ट रिपोर्ट द्या, फोनवर नको, लेखी. काढायची आणि परत बसवायची मजुरी, वाया गेलेलं सागाचं विनियर, फ्लोअरिंग, सगळं तुमच्याकडनं. आणि तक्रार सोडवली, ग्राहक समाधानी, हा जो खोटा शेरा मारलाय तो काढून टाका. टेक्निशियन आलाच नाही हे परत सांगतो, कारण तुमच्या रेकॉर्डमध्ये तो येऊन गेला असं लिहिलंय म्हणे.

15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर शिक्का असलेल्या शीटचे तुकडे घेऊन बीआयएसकडं म्हणजे भारतीय मानक ब्यूरोकडं तक्रार करणार, लायसन्स नंबरसकट. आणि बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. धंद्यासाठी माल घेतला म्हणून मी ग्राहक नाही असं तुमचा वकील म्हणेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्वतःच्या कामातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला सूट आहे ती त्याला वाचायला सांगा. त्याच कायद्यानं तक्रारदार राहतो तिथंच केस लावता येते, त्यामुळं तारखेला तुम्हाला बेळगावला यायला लागेल.

खराब शीट आणि उकळलेले तुकडे युनिटमध्ये वेगळे काढून ठेवलेत, एकही विकलेला किंवा टाकलेला नाही. रविवार सोडून कधीही माणूस पाठवा, पण प्लाय ओळखणारा पाठवा. मला फोन करू नका, लेखी पाठवा.